‘जुने एक्स-रे आणलेत का?’ : चित्रकाराचं सिंहावलोकनी प्रदर्शन कसं बघायचं

हाडांच्या डॉक्टरांकडे गेलं की ते आधी विचारतात, “जुने एक्स-रे आणलेत का?” आजचा ताजा एक्स-रे हातात असताना जुना कशाला हवा, असं आपल्याला वाटतं. पण डॉक्टर दोन्ही फिल्म उजेडाच्या पेटीवर शेजारी शेजारी लावतात आणि मगच बोलायला लागतात. एकट्या फिल्मवरून एवढंच कळतं की इथे एक डाग आहे. जुनी फिल्म शेजारी आली की तो डाग वाढतोय, विरतोय की वीस वर्षं आहे तिथेच आहे, हे कळतं.

एखाद्या चित्रकाराची चाळीस-पन्नास वर्षांची चित्रं एकाच छताखाली लावतात, तेव्हा नेमकं हेच चाललेलं असतं. एरवी आपण त्याचं एखादं चित्र कुठल्या तरी दालनात, एखादं मासिकाच्या पानावर, एखादं मोबाइलवर बघतो आणि ‘आवडलं’ किंवा ‘नाही कळलं’ म्हणून पुढे जातो. सगळी चित्रं शेजारी शेजारी आली की प्रश्नच बदलतो. हा माणूस इतकी वर्षं कशाच्या मागे होता, ते दिसायला लागतं.

हे समजावण्यासाठी मी सुधीर पटवर्धन यांचं उदाहरण घेतो आहे, कारण एक्स-रे वाचणं हाच त्यांचा तीस वर्षांचा व्यवसाय होता. १९७५ ते २००५ या काळात त्यांनी ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केलं आणि सोबतीला चित्रं काढली. २०१९ च्या नोव्हेंबरअखेरीस मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं ‘वॉकिंग थ्रू सोल सिटी’ हे प्रदर्शन सुरू झालं. फेब्रुवारी २०२० पर्यंत ते चाललं. अशा प्रदर्शनांच्या बातम्या येतात तेव्हा त्यात दोन-तीन शब्द असे असतात की सामान्य वाचक तिथेच थबकतो. म्हणून आधी ते शब्द.

तीन शब्द, एकदाच

इंग्रजीत ज्याला रेट्रोस्पेक्टिव्ह म्हणतात, त्याला मराठीत ‘सिंहावलोकनी प्रदर्शन’ हा सुंदर शब्द आहे. सिंह चालता चालता थांबतो, मान वळवून आलेल्या वाटेकडे एकदा बघतो आणि पुन्हा चालू लागतो, ही त्यामागची कल्पना. वाट संपलेली नाही, हे त्या शब्दातच आहे. मात्र आता सिंहाच्या जागी आपण आहोत. मान आपल्याला वळवायची आहे.

दुसरा शब्द फिगरेटिव्ह, म्हणजे आकृतिप्रधान. ज्या चित्रात माणूस, घर, झाड ओळखू येतं ते आकृतिप्रधान चित्र. बहुतेक वेळा रोख माणसाच्या आकृतीवर असतो. नुसते रंग, पोत आणि आकार असतील तर त्याला अमूर्त म्हणतात.

तिसरा शब्द क्युरेटर. कोणती चित्रं घ्यायची, कुठल्या चित्राशेजारी कुठलं लावायचं आणि त्यातून काय दाखवायचं हे ठरवणारी व्यक्ती. पटवर्धनांच्या प्रदर्शनाच्या क्युरेटर नॅन्सी अडजानिया होत्या. हे काम भिंतीवर खिळे ठोकण्याइतकं सोपं नसतं. विकली गेलेली चित्रं वेगवेगळ्या शहरांतल्या संग्राहकांच्या घरी आणि संस्थांमध्ये विखुरलेली असतात. ती शोधायची, उसनी मागायची, विमा उतरवायचा, आणताना आणि परत देताना चित्राची अवस्था नोंदवायची, तारखा तपासायच्या. यात वर्षं जातात. एखाद्या घराण्याची पांगलेली कागदपत्रं गोळा करावीत तसं ते काम आहे, आणि ते नीट झालं तर पुढच्या अभ्यासकांची निम्मी पायपीट वाचते.

माणूस काढणं ही भूमिका कशी झाली?

चित्रात माणूस असणं यात विशेष ते काय, असं कुणीही विचारेल. अजिंठ्यापासून माणसंच तर काढली गेली आहेत!

पण पटवर्धन चित्रं काढायला लागले तेव्हा मुंबईच्या कलावर्तुळात अमूर्ताचा दबदबा होता. वासुदेव गायतोंडे यांचं उदाहरण घ्या. १९२४ साली नागपुरात जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले गायतोंडे पन्नासच्या दशकाच्या शेवटी आकृती सोडून रंगांच्या शांत थरांकडे गेले. (‘अमूर्त’ हा शब्द मात्र ते स्वतःच्या चित्रांसाठी नाकारत.) हे काम इतकं भारदस्त होतं की २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन भरवलं. हुसेन वगैरे मंडळी माणसं काढतच होती, तेव्हा आकृती नाहीशी झाली होती असं म्हणणं चुकीचं ठरेल. तरीही रस्त्यावरचा, लोकलमधला, आजचा ओळखीचा माणूस चित्रात यायला हवा, असं ठासून सांगावं लागेल अशी वेळ आली होती.

१९८१ मध्ये ‘प्लेस फॉर पीपल’ हे प्रदर्शन मुंबई आणि दिल्लीत झालं. नावातच मागणी आहे : माणसांना जागा द्या. त्यात सहा चित्रकार होते. भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, जोगेन चौधरी, विवान सुंदरम, नलिनी मलानी आणि सुधीर पटवर्धन. सोबत कलासमीक्षक गीता कपूर यांचा निबंध होता. त्या सहांतले खख्खर व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट होते. पटवर्धनांचे समकालीन चित्रकार आणि कवी गीव्ह पटेल हेही डॉक्टर होते. मला यात योगायोगापेक्षा जास्त काही दिसतं. ज्याच्या टेबलासमोर रोज वेगवेगळ्या थरांतली माणसं येऊन बसतात, त्याला माणसाचा विषय संपला असं कसं वाटेल?

डॉक्टर दिवसभर काय बघत होते?

पटवर्धनांचा जन्म १९४९ चा, पुण्यातला. वैद्यकीय शिक्षणही पुण्यातच, सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात. १९७३ मध्ये ते मुंबईला आले. तो काळ तरुणांच्या मनात डाव्या विचारांनी घर केल्याचा होता आणि मार्क्सवादाचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. १९७९ मध्ये दिल्लीच्या आर्ट हेरिटेज या दालनात त्यांचं पहिलं एकल प्रदर्शन झालं. नोकरी, व्यवसाय सांभाळून संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी काही करू बघणाऱ्या प्रत्येकाने हे वेळापत्रक जरा मनावर घ्यावं. तीस वर्षं!

रेडिओलॉजिस्टच्या कामात एक विचित्र गोष्ट आहे. त्याला माणसाची बरगडी दिसते, फुप्फुस दिसतं, मणका दिसतो. चेहरा दिसत नाही. कपडे, उन्हाने रापलेली कातडी, उभं राहण्याची ढब हे सगळं त्या फिल्मवरून पुसलं गेलेलं असतं. पटवर्धनांच्या चित्रांत नेमकं तेच परत येतं. आतून पाहिलेल्या शरीराला त्यांनी बाहेरचं वजन दिलं, असं मला ती चित्रं बघताना कायम वाटत आलं आहे.

एकच गोष्ट बघा : चित्रकार किती अंतरावर उभा आहे?

सिंहावलोकनी प्रदर्शनात शंभर गोष्टी बघता येतात आणि म्हणूनच डोकं गरगरतं. माझा सल्ला, एकच धागा पकडा. पटवर्धनांच्या बाबतीत तो धागा म्हणजे अंतर. समोरच्या माणसापासून चित्रकार किती दूर उभा आहे, एवढंच प्रत्येक चित्रापुढे स्वतःला विचारायचं. मुंबईतलं हे संग्रहालय म्हणजे जुना सर कावसजी जहांगीर हॉल. १९९६ पासून तिथे कला संग्रहालय आहे. अर्धवर्तुळाकार दालनं एकावर एक रचलेली, जिने चढत वर जायचं. अंतराचा हा खेळ तिथे पायांनाही जाणवतो.

१९७७ ची दोन चित्रं घेऊ, ‘इराणी रेस्टॉरंट’ आणि ‘रनिंग वुमन’. दोन्हींत चित्रकार अगदी जवळ आहे. एक माणूस, एक बाई, आणि त्यांचा जड, भरीव देह. लोकलमध्ये समोरच्या बाकावर बसलेल्या अनोळखी माणसाकडे आपली नजर जाते, क्षणभर टिकते आणि संकोचाने दूर होते. इथे ती दूर होत नाही. चित्रकार बघत राहतो.

मग १९८०-८१. ‘ट्रेन’, ‘ओव्हरब्रिज’, ‘अ‍ॅक्सिडेंट ऑन मे डे’. एकटा माणूस आता अनेकांत आला. चित्रकार गर्दीतच उभा आहे, खांद्याला खांदा लागेल इतका. शेवटच्या चित्राच्या नावाकडे लक्ष द्या : कामगार दिनाच्या दिवशी झालेला अपघात. घोषणांचा दिवस आणि एका देहाचं कोसळणं यांना एकत्र ठेवणारं हे नाव आहे. डाव्या विचारांच्या चित्रकाराकडून मूठ उगारलेल्या कामगाराची अपेक्षा करावी, तर इथे तो नाही.

१९८४ च्या ‘टाउन’मध्ये चित्रकार उंचावर जाऊन बसला. आता माणसं लहान झाली आणि त्यांच्याभोवतीचं गाव मोठं झालं. घरं, रस्ते, चढउतार, आणि त्यांत आपापल्या कामात गढलेली माणसं. पुढे ठाण्याच्या पोखरण परिसराचं निसर्गदृश्य येतं. एकेका माणसाकडे बघणारा चित्रकार आता तो माणूस ज्यात जगतो ते सगळं बघू लागला.

इथवर आलेली वाट सरळ वाटते. जवळून दूर, माणसाकडून शहराकडे. आणि नेमकी इथेच ती वळते.

१९९२-९३ च्या दंगलींनंतरच्या मुंबईत १९९६ साली ‘रायट’ येतं. उंचावरून शांतपणे शहर न्याहाळण्याची सोय संपली. अंतर पुन्हा कमी झालं, पण सत्तरच्या दशकातल्या जवळिकीत जो विश्वास होता तो यात नाही. जवळचा माणूस आता धोका झाला आहे. याच टप्प्यावर घराच्या आतली चित्रंही येतात. एकाचं नावच ‘शक’ आहे. बाहेरचा अविश्वास उंबरठा ओलांडून आत आला. दंगलीचं चित्र आणि नवरा-बायकोमधल्या संशयाचं चित्र वेगवेगळ्या प्रदर्शनांत पाहिलं असतं, तर त्यांचं नातं माझ्या लक्षात आलं नसतं.

२००१ मध्ये ‘उल्हासनगर’ आणि ‘लोअर परळ’. पुन्हा दूरचं दृश्य, पण ‘टाउन’मधलं गाव आता राहिलेलं नाही. २०१४ मध्ये सात भागांचं ‘मुंबई प्रॉव्हर्ब्ज’ हे विस्तीर्ण चित्र, ज्यात मुंबईचा काळच आडवा पसरला आहे. त्याच सुमारास दुसरीकडे वय झालेली माणसं, घरातल्या खोल्या, आरसा धरल्यासारखी स्वतःची आकृती. सगळ्यांत कठीण अंतर बहुधा हेच असावं, स्वतःपासूनचं.

चित्र तेच, अर्थ मात्र बदललेला

एक गोष्ट चित्रकाराच्याही हातात नसते, आणि मला तीच सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

१९७७ मध्ये ज्या मुंबईत ‘इराणी रेस्टॉरंट’ रंगवलं गेलं, ती गिरण्यांच्या भोंग्यांवर चालणारी मुंबई होती. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप रीतसर मिटलाच नाही, गिरण्या एकामागून एक बंद झाल्या आणि त्या जमिनींवर मॉल आणि टॉवर उभे राहिले. लोअर परळ हे त्या बदलाचं ठळक उदाहरण. इराणी हॉटेलंही एकेक करत मिटली.

त्या चित्रातल्या माणसाला यातलं काही ठाऊक नाही. चित्रकारालाही नव्हतं. २०१९ मध्ये जिना चढून आलेल्या प्रेक्षकाला मात्र सगळं ठाऊक आहे. ते चित्र बघून तो वर जातो, ‘लोअर परळ’पुढे उभा राहतो, आणि खाली पाहिलेलं चित्र त्याच्या मनात आपोआप बदलतं. रंगाचा एक ठिपकाही न हलता बदलतं. जुना एक्स-रे नव्याशेजारी लावल्यावर जुन्यातलीही एखादी रेघ पहिल्यांदा नजरेत भरते, तसंच हे.

‘ही माणसं अशी बेढब का? नीट काढता येत नाही का?’

हा प्रश्न विचारायला लोक संकोचतात, पण तो रास्त आहे. शाळेपासून आपण हुबेहूब म्हणजे चांगलं असं शिकलो आहोत.

पटवर्धनांवर फ्रेंच चित्रकार सेझान यांचा मोठा प्रभाव आहे. सेझान बाह्यरेषेने आकार बांधण्याऐवजी रंगाचे तुकडे एकमेकांशेजारी रचत, गवंडी विटा रचतो तसे. त्यांच्या पत्ते खेळणाऱ्या शेतकऱ्यांकडे पाहिलं तर ते सुबक वाटत नाहीत, पण ते खुर्चीवर बसले आहेत आणि त्यांच्या देहाला वजन आहे याबद्दल शंका राहत नाही. पटवर्धनांना हेच हवं होतं. दिवसभर उभं राहून काम केलेल्या माणसाचे खांदे, हात, पोट जाहिरातीतल्या मॉडेलसारखे नसतात. शरीरावर कामाचा ठसा असतो. तो काढायचा तर प्रमाण थोडं मोडावं लागतं.

‘फोटो काढला असता तर?’

फोटोतही पुष्कळ काही करता येतं, पण साधा फोटो एका क्षणी, एका जागेवरून घेतलेला असतो. ‘टाउन’सारखं चित्र एका जागेवरून दिसूच शकत नाही. एक रस्ता वरून पाहिलेला, एक भिंत समोरून, एक वळण चालता चालता. आपल्या लघुचित्रांत महालाची गच्ची, अंगण आणि आतली खोली एकाच वेळी दिसते आणि ते कुणाला खटकत नाही. तीच मोकळीक इथे आहे. तुमच्या गल्लीची आठवण काढून बघा. ती तुम्हाला एका कोपऱ्यातून आठवत नाही. शेकडो वेळा चालून गेलेली गल्ली मनात जशी एकत्र होते, तसं हे शहर कॅनव्हासवर एकत्र झालं आहे.

‘डॉक्टरने कामगारांची चित्रं काढायची आणि ती श्रीमंतांनी विकत घ्यायची?’

सगळ्या आक्षेपांत हा जड आहे, आणि तो झटकून टाकणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं. पटवर्धन स्वतःच या प्रश्नाशी सुरुवातीपासून झगडत आले आहेत. आपल्या चित्रांतल्या आकृती, ज्यांच्यावरून त्या घेतल्या त्या माणसांना स्वतःची प्रतिमा म्हणून आपल्याशा वाटाव्यात, ही इच्छा त्यांनी फार आधी बोलून दाखवली होती. इच्छा मोठी आहे आणि ती पूर्ण झाली असं कुणी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही. दक्षिण मुंबईतल्या काळा घोड्याच्या दालनात शिरायला दरवान अडवत नसला, तरी पाय अडतातच.

पण त्यांनी त्यावर काही केलं, हेही नोंदवायला हवं. २००८-०९ मध्ये त्यांनी ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन भारतीय चित्रकलेचं फिरतं प्रदर्शन क्युरेट केलं आणि ते महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत नेलं. मूळ चित्रं मुंबई-पुण्याबाहेर, जिथे ती सहसा पोचत नाहीत तिथे गेली. माझ्या मते अंतराच्या त्या प्रश्नाचंच हे एक उत्तर होतं, कॅनव्हासच्या बाहेर दिलेलं. आणि चित्रांतही उत्तर शोधणं थांबलेलं नाही : आधी जवळ, मग गर्दीत, मग उंचावर, मग घरात. एखाद्याला आपल्या जागेबद्दल खात्री असती, तर तो इतक्यांदा जागा बदलत राहिला नसता.

‘हे सगळं चित्रांच्या किमती वाढवण्यासाठीच ना?’

किमतीवर परिणाम होतो, हे खरं आहे. मोठ्या संग्रहालयात लागलेल्या चित्राची नोंद राहते, पुस्तकात छापलं जातं, आणि पुढे विकताना त्याचा उपयोग होतो. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय ही केंद्र सरकारची संस्था, ती प्रदर्शनातली चित्रं विकत नाही. पण ‘वॉकिंग थ्रू सोल सिटी’ला द गिल्ड या खाजगी कलादालनाचं सहकार्य होतं आणि असं सहकार्य सर्रास असतं. म्हणून प्रदर्शनात फक्त गाजलेली, महागडी चित्रं आहेत की रेखाटनं, चाचपडणं, अर्धवट राहिलेले प्रयत्नही आहेत, हे जरूर बघा. बाजारासाठी भरवलेल्या प्रदर्शनात चित्रकार कधी चुकलेलाच दिसत नाही. आणि संग्राहकाच्या बैठकीच्या खोलीत एरवी दहा माणसांनी पाहिलं असतं ते चित्र दोन-अडीच महिने कुणालाही बघता आलं, ही माझ्यासाठी लहान गोष्ट नाही.

हयात चित्रकाराचं सिंहावलोकन

दिवंगत चित्रकाराच्या बाबतीत चित्रांची संख्या ठरलेली असते. इथे ती ठरलेली नाही, आणि याची प्रचिती फार लवकर आली.

फेब्रुवारी २०२० मध्ये प्रदर्शन उतरलं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मुंबईच्या लोकल बंद झाल्या, टाळेबंदी आली. १९८० च्या ‘ट्रेन’मधली खांद्याला खांदा लावलेली माणसं काही आठवड्यांपूर्वी ज्यांनी पाहिली होती, त्यांना आता घराच्या खिडकीतून रिकामे रूळ दिसत होते, आणि टीव्हीवर गावाकडे चालत निघालेले मजूर. पटवर्धन चित्रं काढतच राहिले. ‘सिटीज : बिल्ट, ब्रोकन’ हे त्यांचं प्रदर्शन त्यानंतरचं. त्यातली चित्रं त्या जुन्या ‘ट्रेन’च्या शेजारी लावून बघायला हवीत. अंतर या वेळी किती आहे, ते मला तेव्हाच नीट मोजता येईल.